भुशीच्या वाटेवर मावळची शिदोरी



पावसाळा सुरू होऊन भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले, की मुंबई-पुण्याकडील प्रवाशांची तेथे रीघ लागते. भजी, भाजलेली कणसे आणि चहा यांचा आस्वाद घेऊन व लोणावळ्याच्या बाजारातून चिक्कीचे पुडे घेऊन ही मंडळी सायंकाळी परततात. या प्रवाशांनी खर्चिलेल्या रुपयापैकी किती पैसे मावळच्या भातखाचरापर्यंत आणि ठाकर-कातकरी वस्त्यांपर्यंत पोचतात, हा प्रश्न लोकप्रतिनिधी, शिक्षक व अधिकारी या सर्वांनीच विचारात घेण्याजोगा आहे.

प्रवासी व बाजार यांचे जुने नाते

मावळाला प्रवासी नवे नाहीत. कोकणातील बंदरांकडून देशावर जाणाऱ्या व्यापारी मार्गालगतच कार्ले व भाजे येथील लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी आहे, तसेच धेनुकाकट येथील सुतार व गंधीही आहेत. कारागिराचे नाव धनिकाच्या नावाबरोबर कोरले जावे, ही या भूमीची परंपरा होय. मावळचे प्राचीन नाव ‘मामाल’ हेही याच लेखांत आढळते.

पुढे 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. भुशीचे धरण हेही रेल्वेचेच अपत्य. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने ते बांधले. वाफेची इंजिने गेली, धरण राहिले आणि ते सहलीचे ठिकाण बनले.

चिक्कीचा धडा

लोणावळ्याच्या चिक्कीची कथा बोधप्रद आहे. तिला लागणारा गूळ व शेंगदाणा ही काही मावळच्या भातखाचरातील पिके नव्हेत. तरीही गूळ-शेंगदाण्याचा हा साधा, टिकाऊ व प्रवासात नेण्यास सोयीचा खाऊ रेल्वेच्या प्रवाशांमुळे लोणावळ्याची ओळख ठरला. बाहेरून आलेल्या मालाला जर हे यश लाभते, तर मावळच्या मातीतील मालाला ते का लाभू नये?

असा माल मावळात मुबलक आहे. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने ‘आंबेमोहोर 157’ व ‘आयआर 8’ यांच्या संकरातून विकसित केलेला ‘इंद्रायणी’ तांदूळ 1987 मध्ये प्रसारित झाला. ज्या नदीवर भुशीचे धरण आहे, तिचेच नाव या वाणाला लाभले आहे. परंतु भुशीला आलेल्या प्रवाशाला हा सुवासिक तांदूळ उत्पादकाच्या हातून, एक-दोन किलोच्या स्वच्छ पिशवीत क्वचितच मिळतो.

पहिल्या पावसाबरोबर शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली अशा रानभाज्या उगवतात. शेवळ्याची खाज कशी मारावी आणि कोणत्या भाजीचा कोवळा पाला केव्हा खुडावा, हे ज्ञान आदिवासी भगिनींपाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तांदळाची भाकरी, रानभाजी आणि खर्डा असे पान प्रवाशापुढे आले, तर तो भज्यांहून अधिक मोल आनंदाने देईल.

हस्तव्यवसायाचेही तसेच आहे. बांबूच्या कामट्यांपासून सूप, रोवळी, दुरडी, कणगी या वस्तू विणल्या जातात. भातलावणीच्या वेळी पाठीवर घ्यावयाचे इरले प्लास्टिकच्या कापडामुळे मागे पडले. विणणारे हात थांबले की कला एका पिढीत लोपते. लहान आकाराचे इरले, फळांची परडी किंवा दिव्याचे आच्छादन या रूपाने ती शहरातील घरांत नांदू शकेल.

नागालँडचे उदाहरण

या बाबतीत नागालँडकडे पाहावे. कोहिमानजीक किसामा येथे दरवर्षी डिसेंबरच्या आरंभी हॉर्नबिल महोत्सव भरतो. तेथे प्रत्येक जमातीचे पारंपरिक ‘मोरुंग’ घर असते. बांबूचे कोंब, आंबविलेले सोयाबीन व धुरावर वाळविलेले मांस घालून केलेले पदार्थ पाहुण्यांना वाढले जातात आणि कमरेला बांधावयाच्या मागावर विणलेल्या शाली विकल्या जातात. नागा मिरचीला व चाखेसांग शालीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेथील लोकांनी पाहुण्यांसाठी आपले अन्न बदलले नाही. ते कसे खावे, हे पाहुण्यांना शिकविले.

सुरक्षित जागा, बारमाही बाजार

30 जून 2024 रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. ते आवश्यकच होते. परंतु पाण्याच्या काठावरील गर्दीवर ज्यांची चूल अवलंबून आहे, त्यांची उपजीविका किती नाजूक आहे, हेही त्यातून ध्यानी येते. म्हणून विक्रीची जागा धोक्याच्या प्रवाहापासून दूर, वाहनतळाजवळ नेमून द्यावी. प्रवासी तेथे थांबला, तर काठावरील गर्दीही हलकी होईल.

बाजार चार महिन्यांपुरताही नसावा. चैत्रात एकवीरेच्या यात्रेस कोकणातून कोळी बांधव मोठ्या संख्येने येतात. लोहगडाचा 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याने हिवाळ्यातही अभ्यागत वाढण्याची अपेक्षा आहे.

नगर परिषदेच्या हद्दीत पथविक्रेता अधिनियम, 2014 लागू आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. ग्रामपंचायतींनी आठवडे बाजारात स्वयंसहायता गटांसाठी ओटे राखून ठेवावेत. खाद्यपदार्थ विकणाऱ्या भगिनींची अन्न सुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करून द्यावी. वनहक्क अधिनियम, 2006 अन्वये बांबू हे गौण वनोपज आहे; हक्क मान्य झालेल्या कारागिरांना तो सुलभतेने मिळेल, हे पाहावे. 2018 पासून राज्यात लागू असलेली प्लास्टिकबंदी ही तर पत्रावळी व बांबूच्या टोपलीला लाभलेली संधीच आहे.

शिक्षकांचा वाटाही मोलाचा आहे. विद्यार्थ्यांकडून गावातील रानभाज्यांची व विणकामाच्या प्रकारांची नोंद करून घेतल्यास तीच पुढे मालावरील माहितीपत्रिका होईल.

भुशीचे पाणी पावसाळ्यानंतर ओसरते. त्या पाण्याच्या ओढीने येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत मावळचा तांदूळ आणि मावळच्या हाताने विणलेली परडी गेली, तर पाणी ओसरल्यावरही मावळच्या घरांतील चुली पेटत्या राहतील.