ताळेबंदापलीकडील माणसे

व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कंपनीची वित्तव्यवस्था व पुनर्रचना शिकविताना ताळेबंदापाशीच थांबून चालणार नाही. कंपनी अवसायनात निघाल्यास २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ लागू होते. प्रथम प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचे २४ महिन्यांचे येणे आणि तारण सोडून देणाऱ्या धनकोचे कर्ज एकाच पंक्तीस बसते. शासनाची करबाकी बरीच खाली, हे वसुली अधिकाऱ्यांस रुचणार नाही!

समजा, खर्च वजा जाता ६० लाख उरले; कामगारांचे येणे ३० लाख, बँकेचे ९० लाख. कामगारांच्या वाट्यास १५ लाखच येतात. म्हणून वर्गात एका विद्यार्थ्यास कामगारांचा प्रतिनिधी नेमावे. पुनर्रचनेची योजना मांडली जाताच, या १५ लाखांहून अधिक किती, हे त्याने विचारावे.