गोल्फची पहिली काठी कोणती घ्यायची?

 

आजचा विषय गोल्फ. आता लगेच पुढचा भाग लावू नका. मला माहितीये, 'तो श्रीमंतांचा खेळ' असं तुम्ही मनात म्हणालात. मी नऊ वर्षं कॅडी होतो, म्हणजे दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन चालणारा माणूस. आता पुण्यात एका रेंजवर नवशिक्यांना शिकवतो. त्यामुळे श्रीमंती मी खूप जवळून पाहिलीय. बारा-तेरा किलोची असते ती, आणि अठरा होल चालून झाले की खांद्याला कळते.

त्या बॅगेत चौदा काठ्या असतात. क्लब म्हणजे काठी बरं का, मंडळ नव्हे. चौदा हा नियम आहे, १९३८-३९ पासूनचा. त्याआधी काही मोठे खेळाडू वीस-पंचवीस काठ्या घेऊन फिरायचे आणि कॅडीची पार वाट लागायची. पण नियम नीट वाचा. चौदापेक्षा जास्त नकोत, एवढंच तो सांगतो. कमीत कमी किती हव्यात, हे कुठेच लिहिलेलं नाही. चिक इव्हान्स नावाच्या अमेरिकन खेळाडूने १९१६ ची यूएस ओपन सात काठ्यांवर जिंकली होती. मी वाहिलेल्या बॅगांमधल्या निम्म्या काठ्यांची तर प्लास्टिकची टोपीसुद्धा कधी निघाली नाही.

हे आज सांगायचं कारण म्हणजे एक मेल. पिंपरीहून एका श्रोतीने लिहिलाय, नाव सांगत नाही. चोवीस वर्षांची, पहिली नोकरी, घरी पैसे पाठवते. ऑफिसमधले वरचे लोक रविवारी गोल्फ खेळतात, आणि कामाची निम्मी बोलणी तिथेच होतात. तिच्या साहेबांनी आपला जुना सेट तिला देऊ केलाय. साठ हजार, हप्त्याने दिले तरी चालतील. मोठ्या ब्रँडचा, चौदाच्या चौदा, स्टीलचे स्टिफ शाफ्ट. ती म्हणते, "घेतला तर वर्षभर हप्ते. नाही घेतला तर साहेबांना काय वाटेल? आणि मी डावखुरी आहे. साहेब म्हणतात, उजव्या हाताने शिक, सगळे तसंच शिकतात."

ताई, तुमच्या मेलमध्ये तीन वेगळे प्रश्न आहेत. डाव्या हाताचा आधी घेऊ.

डावखुरं असणं आणि गोल्फ डाव्या बाजूने खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिल मिकेलसन लिहितो-जेवतो उजव्या हाताने आणि गोल्फ खेळतो डाव्या बाजूने. १९६३ ला ब्रिटिश ओपन जिंकणारे न्यूझीलंडचे बॉब चार्ल्स, म्हणजे मेजर जिंकणारे पहिले डावरे गोल्फर, तेही एरवी उजवेच. त्यामुळे पेन कुठल्या हातात धरता, हे मी विचारत नाही. दोन्ही हातांनी करायची कामं बघायची. खराट्याने अंगण झाडताना खालचा हात कुठला? बॉक्स क्रिकेटमध्ये बॅट घेऊन कुठल्या बाजूला उभ्या राहता? तुम्ही लिहिलंय की बॅटिंग डावीच करता. मग विषय संपला. तुम्ही डाव्या बाजूने खेळायचं. आपली दीक्षा डागर डावरीच खेळते. दोन ऑलिम्पिक खेळली, डेफलिम्पिक्सचं सुवर्ण आणलं. तिला कोणी 'उजव्याने शिक' म्हणालं असेल-नसेल, पण ती डावरी राहिली आणि छान झालं.

अडचण आहे, नाही असं नाही. रेंजवर भाड्याने मिळणाऱ्या काठ्या जवळजवळ सगळ्या उजव्या असतात, आणि जुन्या बाजारात डावरी काठी मिळणं म्हणजे नशीब. म्हणूनच साहेब तसं म्हणतात. सोय म्हणून त्यांचं बरोबर आहे. पण त्या सोयीसाठी साठ हजार तुम्ही का भरायचे?

आता दुसरा प्रश्न, स्टिफ शाफ्टचा. शाफ्ट म्हणजे काठीचा दांडा. तो फिरताना थोडा वाकतो, आणि किती वाकतो त्यावरून त्याला अक्षरं दिलीत : एल, ए, आर, एस, एक्स. एल सगळ्यात मऊ, एक्स सगळ्यात कडक. जोरात आणि वेगात मारणाऱ्याला कडक दांडा लागतो, कारण मऊ दांडा त्याच्या हातात फार डोलतो. हळू फिरवणाऱ्याच्या हातात कडक दांडा लोखंडी गजासारखा लागतो. चेंडू वर चढत नाही, आणि फटका चुकला की बोटांना झिणझिण्या येतात. सात नंबरच्या आयर्नने तुमचा चेंडू १२०-१३० यार्डांच्या आत पडत असेल तर एसकडे बघूसुद्धा नका. आर घ्या, नाहीतर त्याहून मऊ. काठीवर 'लेडीज' लिहिलंय की 'मेन्स', याला मी फार किंमत देत नाही. साठीतले कितीतरी काका बायकोच्या काठीने चांगलं मारतात, फक्त कबूल करत नाहीत.

मग पहिली काठी कोणती? माझं उत्तर ठरलेलं आहे : सात नंबरचं आयर्न आणि एक पटर. बस. तीन महिने या दोनच.

सातच का? काठीच्या डोक्याचा जो तिरकेपणा असतो त्याला लॉफ्ट म्हणतात, आणि तोच चेंडू वर उचलतो. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण ९ ते १२ अंश. सात नंबरचा आजकाल २८ ते ३४. पिचिंग वेजचा ४५ च्या आसपास, सँड वेजचा ५६ च्या आसपास. लांबीही तशीच बदलते. ड्रायव्हर जवळजवळ ४५ इंच, सात नंबर ३७. लांब काठी मधोमध लागणं अवघड. सात नंबर बरोबर मध्ये येतो : चेंडू हवेत जातो, लांबही जातो, आणि चूक कुठे झाली ते दिसतं.

एक गंमत सांगतो. पूर्वी सात नंबरचा लॉफ्ट ३५ अंशांच्या वर असायचा. कंपन्यांनी तो हळूहळू कमी केला, आकडा मात्र सातच ठेवला. लॉफ्ट कमी म्हणजे चेंडू लांब, आणि दुकानात गिऱ्हाईक खूश. म्हणून मित्राची काठी तुमच्यापेक्षा दहा यार्ड लांब जाते म्हणून लगेच वाईट वाटून घेऊ नका. आधी दोघांचा लॉफ्ट विचारा.

आयर्न घेताना मागची बाजू बघा. ती खोलगट, पोकळ असेल तर नवशिक्यासाठी चांगली. तिला कॅव्हिटी बॅक म्हणतात. वजन मधून काढून कडांना दिलेलं असतं, त्यामुळे चेंडू मिडलला नाही लागला तरी डोकं हातात कमी वळतं. ज्यांनी बॅट एजला लागल्यावर ती हातात गरकन फिरलेली अनुभवलीय, त्यांना हे लगेच कळेल. वजन कडांना द्यायची ही कल्पना गाजवली कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरने. नोकरी जनरल इलेक्ट्रिकमध्ये, आणि घरी गॅरेजमध्ये पटर बनवायचा. १९५९ च्या त्याच्या पटरने चेंडू मारला की 'पिंग' असा आवाज यायचा. कंपनीचं नाव तेच पडलं. मागून सपाट, चकचकीत, पात्यासारखं आयर्न दिसायला फार देखणं असतं. हातात घेऊन बघा, फोटो काढा, परत ठेवा.

पटरकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि मला याचाच राग येतो. साधा हिशोब करा. कोर्सचा पार ७२ धरला तर त्यात प्रत्येक होलला दोन पट गृहीत धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस. निम्मे फटके! टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. तिचा ड्राइव्ह बाकीच्या मुलींच्या मागे पडत होता, पण पटरने तिने सगळ्या देशाला भल्या पहाटे टीव्हीसमोर बसवलं. कोलकात्याचा चौरसिया तर रॉयल कलकत्ता क्लबमधल्या ग्रीनकीपरचा मुलगा. चिप आणि पट या दोन गोष्टींवर तो इतका जगायचा की लोक त्याला 'चिपपटसिया' म्हणायचे. दोनदा इंडियन ओपन जिंकला. तेव्हा पटर घेताना त्यावर उभं राहून बघा. खाली वाकल्यावर डोळे साधारण चेंडूच्या वर यायला हवेत. येत नसतील तर लांबी चुकतेय. आणि ताई, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी मारता येणारे पटर मिळतात, नियमात बसतात.

तीन महिन्यांनी आवड टिकली तर पिचिंग वेज, मग एक हायब्रिड, मग ५६ चं सँड वेज. तीन आणि चार नंबरची आयर्न विसरून जा, हायब्रिड त्यांचं काम सोप्यात करतं. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. घ्याल तेव्हा साडेदहा किंवा बारा लॉफ्टचा. लॉफ्ट जास्त असला की चेंडू बाजूला कमी वळतो. नऊचा घेतलात तर तुमचा चेंडू आणि शेजारच्या लेनवाला, दोघंही संकटात.

आता तिसरा प्रश्न, साहेबांचा. ताई, खोटं कारण शोधू नका, खरं कारण पुरेसं आहे. "साहेब, सेट उत्तम आहे, पण मी डावरी आहे आणि मास्तर म्हणाले बाजू बदलायची नाही." माझ्यावर ढकला, मला चालतं. आणि लगेच पुढचं वाक्य : "तुम्ही मला एखाद्या रविवारी पाहुणी म्हणून न्याल का?" का, ते सांगतो. काठी काय, पैसे दिले की मिळते. आपल्याकडचे बहुतेक कोर्स मात्र सदस्यांचे किंवा लष्कराचे. दिल्लीत डीडीएचं कुतुब गोल्फ कोर्स आहे, तिथे पैसे भरून कोणीही खेळतं. इथे तुम्हाला आत नेणारा माणूस लागतो. साहेबांकडे तुमच्या कामाची खरी गोष्ट ती आहे. सेट नव्हे.

तुम्ही डावखुऱ्या, त्यामुळे सात नंबर बहुधा नवाच घ्यावा लागेल. क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानांत सुटी काठी मिळते, पूर्ण सेटची सक्ती नसते. बाकीच्यांनी जुनी घ्या, बिनधास्त. फक्त हे बघा. ग्रिपवर अंगठा दाबून फिरवा. गुळगुळीत आणि कडक झाली असेल तर बदलायचा खर्च किमतीतून कापून मागा. डोकं कानाशी धरून हलवा, खुळखुळ वाजलं तर आत काहीतरी सुटलंय. स्टीलच्या दांड्यावर गंज कुठे आहे ते बघा. वरवरचा पुसला जातो, खड्डे पडले असतील तर नको. ग्राफाइटच्या दांड्यावर भेग दिसली तर फुकटसुद्धा घेऊ नका, फिरवताना तुटतो. वेजच्या तोंडावरच्या रेषा नखाला लागल्या पाहिजेत. आणि नव्याकोऱ्या मोठ्या ब्रँडचा पूर्ण सेट कोणी ऑनलाइन वीस हजारात देत असेल, तर तो नकली आहे असंच धरून चाला.

पुढच्या भागात चेंडूंबद्दल बोलू. तळ्यात गेलेले चेंडू कोण काढतं, कितीला विकतं, आणि तुम्ही शिकताना तेच का घ्यावेत. तोपर्यंत तुमचे प्रश्न मेलवर पाठवा, उंचीही लिहा, आणि झाडताना खालचा हात कुठला असतो तेही.