दात काढल्यानंतर कृत्रिम दात केव्हा बसवावा?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकाचा माझा अभ्यास नाही. तरीही दातांविषयी बोलण्याचे धाडस करतो, कारण या विषयातले शिक्षण मी स्वतःच्या जबड्याची किंमत मोजून घेतले आहे. खालची एक दाढ काढली, तेव्हा दंतवैद्यांनी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा येण्यास सांगितले होते. हसताना दिसत नाही, दुसऱ्या बाजूने चावता येते, लग्नसराई तोंडावर आहे, अशा सबबींवर मी तब्बल तीन वर्षे काढली. पुन्हा गेलो तेव्हा वरची दाढ रिकाम्या जागेत उतरू लागली होती, शेजारची कलली होती आणि ज्या हाडात रोपण करावयाचे ते हाडच अरुंद झाले होते.

इम्प्लान्ट म्हणजे हाडात बसविलेला टायटेनियमचा स्क्रू. त्यावर पुढे दाताची टोपी बसते. टायटेनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1952 च्या सुमारास सशाच्या हाडावरील प्रयोगात आढळले. प्रयोग सशांवर झाला हे या सभागृहात सांगताना संकोच वाटतो, पण लपविणेही योग्य नाही. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे रोपण केले.

जबड्याचे हाड दातासाठी असते. दात गेला की त्याचे प्रयोजन संपते आणि ते झिजू लागते. दाढेच्या जागी वर्षभरात हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटू शकते आणि त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश घट पहिल्या 3 महिन्यांतच होते. कोरे कापड पहिल्याच धुण्यात सर्वाधिक आटते, हे आम्हा व्यापाऱ्यांना ठाऊक असते. तोंडातील हाडालाही तोच न्याय लागू असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

अरुंद हाडात स्क्रू बसेना, म्हणून डॉक्टर म्हणाले, “हाडाची पावडर भरावी लागेल.” मी सहज विचारले, “ती कशाची असते?” उत्तर मिळाले, गाईच्या हाडाची. वर जे पातळ पटल घालतात, तेही पुष्कळदा डुकराच्या किंवा गाईच्या शरीरातून काढलेले असते. मी खुर्चीतून उठलोच. जन्मभर कंदमूळ न खाल्लेल्या माणसाच्या जबड्यात ही वस्तू कायमची राहणार होती, आणि मी विचारले नसते तर मला ते कळलेही नसते. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. आपण विचारत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम पावडर मिळते, काही वेळा रुग्णाच्याच जबड्यातील हाड वापरता येते. मी कृत्रिम पावडर घेतली. ती स्थिरावेपर्यंत सहा महिने, मग स्क्रू, तो हाडात रुजेपर्यंत चार महिने आणि मग टोपी. खर्चाचा आकडा येथे सांगत नाही, सौभाग्यवती समोर बसल्या आहेत.

तेव्हा योग्य वेळ कोणती? सर्वांना एकच उत्तर लागू नाही. दाताभोवतीची हाडाची भिंत शाबूत असेल, पू नसेल आणि स्क्रूला पक्की पकड मिळत असेल, तर दात काढताच त्याच बैठकीत रोपण करता येते. पुढच्या दातांत हे काही वेळा जमते. संसर्ग असेल तर साधारण 4 ते 8 आठवडे थांबतात. तोवर हिरडी भरून येते आणि हाड फारसे आटलेले नसते. खड्डा मोठा असेल तर 3 ते 4 महिने, म्हणजे आत काही हाड तयार होईपर्यंत थांबावे लागते. सहा महिन्यांपलीकडचा विलंब डॉक्टरांनी सकारण सांगितला असेल तरच करावा. मधुमेह काबूत नसेल किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे चालू असतील, तर ते आधीच सांगावे. तंबाखू खाणाऱ्यांनी तर आधी तंबाखू सोडावी.

गेल्या वर्षी माझी वरची एक उपदाढ उभी चिरली. या वेळी दात काढण्यापूर्वीच सर्व विचारून घेतले. पू होता, म्हणून आठ आठवडे थांबून रोपण केले. हाड पुरेसे होते. कसलीही पावडर लागली नाही.

आपल्या समाजाने आणखी एक हिशेब धरावा, तो व्रतांचा. रोपणानंतर काही दिवस मऊ आहार, वेळेवर औषधे आणि तोंडाची काटेकोर स्वच्छता लागते. चौविहार करणाऱ्यांनी औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसतील का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी गोळी मिळते का, हेही विचारावे. उपवासात आपल्यापैकी अनेकजण दातही घासत नाहीत. अशा वेळी ताजी जखम तोंडात नसावी. माझ्या परिचयातील एका भगिनींनी पर्युषणात अठ्ठाई करावयाची म्हणून श्रावणात दात काढण्याचे टाळले आणि दुखणे अंगावर काढले. उलट आषाढापूर्वीच दात काढून घेतला असता, तर पर्युषणापर्यंत जखम भरली असती आणि रोपणाची तारीख पारण्यानंतर ठरविता आली असती.

आमच्या पेढीवर दिवाळीनंतर मालाचा हिशेब होतो. त्या दिवशी मी आता दंतवैद्यांकडेही जाऊन येतो.