खारुणला पूर येतो तेव्हा

रायपूरच्या कडेने, महादेवघाटावरून खारुण नदी वाहते. पुढे ती शिवनाथेस मिळते व शिवनाथ महानदीस. आषाढात पहिला पूर आला की या नद्यांच्या गढूळ पाण्याखाली एक निराळीच लगबग सुरू होते. रोहू, कटला, मृगळ हे मासे उन्हाळाभर डोहांत राहून गाभोळी धरतात. पण तुंबलेल्या पाण्यात ती सोडावयास ते राजी नसतात. त्यांना हवे असते पावसाने निवालेले, वाहते, नवे पाणी. ते लाभताच नरमाद्या काठच्या उथळ, नुकत्याच बुडालेल्या जमिनीवर येतात. रोहूच्या मादीत किलोभर वजनामागे 2 लाखांच्या आसपास अंडी असतात व 15 ते 20 तासांत त्यांतून पिल्ले निघतात. एवढी संख्या ऐकून कोणास वाटेल, चार मासे धरले तर काय बिघडले? परंतु पूर ओसरला की कित्येक अंडी काठावरच वाळतात, कित्येक इतर मासे गिळतात.

कोकणात पहिल्या पावसातील अशा माशांस वलगणीचे मासे म्हणतात. त्यांची चव ज्याने घेतली, त्याला हा मोह समजावून सांगावयास नको! छत्तीसगडच्या केवट-ढीमरांनाही हा क्षण ठाऊक आहे. एरवी चपळ असणारा मासा या दिवसांत उथळ पाण्यात सहज हाती लागतो.

नेमका इथेच कायदा आडवा येतो. 16 जून ते 15 ऑगस्टपर्यंत छत्तीसगडातील नद्यांत मासेमारीस बंदी असते. नदीनाल्यांशी संबंध नसलेली लहान तळी तेवढी मोकळी राहतात. म्हणजे ज्याच्या हाती तळे आहे त्याचे भागते. केवळ नदीवर पोट असणाऱ्याने मात्र ऐन पावसाळ्यात जाळे खुंटीला टांगावयाचे. नियम योग्यच आहे, पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

पूर्वी तळ्यांत सोडावयाचे बीजही नदीतूनच गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हीरालाल चौधुरी यांनी माशाच्या मस्तकातील ग्रंथीचा अर्क टोचून, बंदिस्त पाण्यातील माशांकडून अंडी घालवून घेतली. त्यामुळे तळ्यांचे बीज नदीवाचून मिळू लागले. नदीला मात्र आपले बीज आपणच निर्माण करावे लागते.

16 ऑगस्टला जाळी पुन्हा पाण्यात पडतात. आषाढातील पिल्ले तोवर बोटाएवढी झालेली असतात, आणि जाळ्याची छिद्रे मोठी असली तर त्यांतून निसटून जातात.