जात्यावरची ओवी आणि बेंजो
(ज्युबिलीच्या सायंकाळी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाचा इतिहास आमच्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर सांगितला आहे, तो आम्ही पुन्हा सांगत नाही. आज सकाळच्या मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी बेंजोवर जी चाल वाजली, तिच्याविषयीच चार शब्द बोलण्याचा आमचा विचार आहे. ती ऐकताच मागच्या बाकांवरील वृद्ध भगिनी एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि मिस्सा आटोपल्यावर दोघा-तिघा बंधूंनी आम्हांस गाठून विचारले, "फादर, वरातीचे वाद्य देवळात कशाला?" प्रश्न रास्त आहे.

प्रथम चालीचे पाहू. ती जात्यावरच्या ओवीची चाल आहे. सोमेश्वर राजाच्या 'मानसोल्लास' या इ. स. 1129 च्या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. 1290 साली ज्ञानेश्वरी झाली ती याच छंदात. आणि 1616 साली गोव्यात राचोल येथे छापले गेलेले आपल्या फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराणही ओवीबद्धच, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. हा इंग्रज जेजुइट 1579 साली गोव्यास आला. नवख्रिस्ती लोकांनी जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी द्यावे अशी मागणी केली, तेव्हा त्याने लॅटिन पद्ये रचली नाहीत. लोकांच्या कानांत जे होते तेच त्याने घेतले. वसईकडील देवळांत हे पुराण 1930 च्या सुमारापर्यंत प्रसंगविशेषी गायिले जात असे.

आता वाद्याचे. ज्यास आपण सातारा-सांगलीकडे बेंजो म्हणतो, त्याचा अमेरिकेतील बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. तो बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वाद्यांपासून झाला. आपला बेंजो जपानी आहे. 1912 साली नागोया शहरात मोरिता गोरो या गृहस्थाने टंकलेखन यंत्राप्रमाणे कळा बसवून 'ताइशोगोतो' नावाचे तंतुवाद्य केले. ते हिंदुस्थानात आले, कोठे 'बुलबुलतरंग' झाले आणि आपल्याकडे बेंजो. डाव्या हाताने कळ दाबावी, उजव्या हाताने तार छेडावी, की स्वर निघालाच. पुढे त्यास वीज व कर्णे मिळाले आणि लग्नाच्या वरातीत व गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी दुमदुमू लागली. तक्रारीचे मूळ तेथे आहे, आणि ते आम्हांस समजते.

समजते, कारण एकेकाळी आम्हीही असेच बोललो. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो. दहाव्या पायस यांनी 1903 साली देवळातील गोंगाटी वाद्यांस केलेली मनाई आम्हांस मुखोद्गत होती. नाताळच्या रात्री एक मुलगा गव्हाणीजवळ बेंजो घेऊन बसला, तेव्हा आम्ही त्यास सर्वांदेखत बाहेर पाठविले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा असे म्हटले होते, अधिकाऱ्यांच्या संमतीने उपासनेस साजेशी इतर वाद्ये घेण्यास मोकळीक दिली होती. हेही आम्ही वाचले होते. आठवले मात्र नाही. काही महिन्यांनी त्या मुलाची आजी म्हणाली, "फादर, तो माझीच ओवी वाजवीत होता. बाळ येशूची." मुलगा पुन्हा गायकवृंदात आला नाही. आजी वारली. ती ओवी आम्ही कधीच ऐकली नाही.

(जाता जाता सांगतो: ज्या ऑर्गनचा आपण एवढा मान राखतो, तो प्राचीन रोमी लोकांच्या आखाड्यांत झुंजींच्या वेळी वाजत असे.)

म्हणून या वर्षी आम्ही आपल्या धर्मग्रामात जात्यावरची ओवी येणाऱ्या भगिनींचा शोध घेतला. विजेची गिरणी आल्यापासून जाती पायरीला लागली आहेत. दोघीच सापडल्या, त्यांपैकी एकीस दम पुरत नाही. दुसरीपाशी आपला बेंजोवाला तरुण चार दुपारी बसला. पहिल्या दिवशी तिने मान हलवली व म्हणाली, "स्वर तुटतोय, बाळा." तिचे म्हणणे खरे होते. ओवी अवघ्या चार-पाच स्वरांत फिरते, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. कळांच्या वाद्यात ती घसरण येत नाही. शिवाय जात्याच्या फेऱ्यात जी लय असते, ती बसून वाजविणाऱ्याच्या हातात कोठून यावी? अखेरीस तरुणाने कळांचा नाद सोडला, नुसती षड्जाची तार धरली, आणि आजीने वर गायिले. मग तिचा श्वास संपेल तेथे तो दोन-तीन स्वर वाजवी. आज सकाळी आपण ऐकले ते हेच. आजींचा आवाज मागच्या बाकांपर्यंत पोहोचला नाही, त्यामुळे बेंजोच तेवढा ऐकू आला, हा दोष कर्ण्याची मांडणी करणाऱ्या आमचाच.

पुण्यात गी पॉइतवँ व हेमा राईरकर यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या धर्मग्रामातील किती उरल्या आहेत, हे आपणच शोधले पाहिजे. फादरांच्या घराच्या ओसरीवर आम्ही एक जाते मांडून ठेवले आहे. पुढील रविवारी मिस्सानंतर ज्यांच्या घरी आजी, आत्या, मावशी असतील, त्यांनी त्यांस घेऊन यावे. ज्वारी आम्ही आणून ठेवू. खुंटा सैल आहे, तेवढा कोणी बंधूने शनिवारी येऊन ठोकून द्यावा.