माथ्यावरचा साक्षीदार

वर्षानुवर्षांचा एखादा संकल्प पुरा झाला, हे ठरवायचं कुणी? तुम्ही म्हणाल, ज्यानं केला त्यानंच. पण स्कॉटलंडमधली एक हकीकत ऐका.

सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली तिथल्या तीन हजार फुटांहून उंच पर्वतांची यादी छापली. ते सारे माथे चढायचे, हा मग कित्येकांचा ध्यास झाला. आज यादीत २८२ पर्वत आहेत. खुद्द मन्रो १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे काही थोडे माथे राहूनच गेले होते. त्यांतला एक तर त्यांनी अखेरच्या चढाईसाठी मुद्दाम राखून ठेवला होता!

यादी पुरी करण्याचा पहिला मान रेव्हरंड रॉबर्टसन यांना मिळाला, १९०१ साली. पुढे मात्र त्यांच्याच रोजनिशीत नोंद आढळली, की बेन वायविसवरून आपण पावसामुळे माथ्याआधीच परतलो. पुन्हा तिथे गेल्याची नोंद सापडत नाही.

मला त्या मानापेक्षा ती नोंद मोलाची वाटते. माथ्यावर साक्षीला दुसरं कुणी नसतं. आपले आपणच असतो. तेव्हा तुमचा संकल्प जरूर पुरा करा. पण काही राहिलंच, तर ‘राहिलं’ असं वहीत लिहायला कचरू नका.