पोलादाला पाणी देणे



गेल्या उन्हाळ्यात वडिलांची एक जुनी कानस आमच्या हाती आली. दाते पार झिजलेले, पण भंगारात टाकवेना. तिची सुरी करावी असे मनात घेऊन आम्ही गावच्या एका लोहारदादांच्या भात्यापाशी जाऊन बसलो. त्यांनी ती लाल करून रात्रभर राखेत पुरून निववली. ती मऊ पडली, आणि आम्ही चार दिवस घासघासून तिला सुरीचा आकार दिला. राहिले होते ते पाणी देणे. दादा जेवायला गेले होते. आम्हाला धीर धरवला नाही. भर दुपारी, उन्हात, पाते तापवून आम्ही हौदाच्या गार पाण्यात बुडवले. 'टिंग्' असा बारीक आवाज आला. पाते बाहेर काढले तो टोकाकडचा भाग तुटून पाण्यातच राहिलेला!

आमचे काय चुकले, ते आज सांगावयाचे आहे.

साधे पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. कानशीत तो शेकडा एकाच्या आसपास असतो. थंड लोखंडाच्या कणांच्या रचनेत कार्बनला जवळजवळ जागाच नसते. 727 अंश सेल्सियसच्या वर ती रचना पालटते आणि कार्बन तीत मुरतो. मग पोलाद सावकाश निवले, तर कार्बन बाहेर पडून लोखंडाशी संयोग पावतो व त्याचे निराळे थर बनतात. राखेतली कानस मऊ पडली ती अशी. पण एकदम निववले, तर कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आत अडकतो, रचना ताणली जाते, आणि हा ताण म्हणजेच कडकपणा. या स्थितीला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात.

ही स्थिती येताना पोलाद किंचित फुगते. वरचा भाग आधी निवून कडक होतो, आतला मागाहून फुगतो. तडा जातो तो या ओढाताणीत. गार पाण्यात ती फार, कोमट तेलात कमी. अमक्या विहिरीच्या पाण्यानेच धार टिकते, असे पुष्कळजण सांगतात. विहिरीचा मान राखून आम्ही एवढेच म्हणू, की उष्णता किती वेगाने ओढली जाते हे महत्त्वाचे. पाण्यात मीठ टाकले तर वेग वाढतो, हे मात्र खरे.

दुसरी चूक उन्हाची. उन्हात तांबडा रंग फिका दिसतो, म्हणून आम्ही तापवीत राहिलो. फाजील तापले की पोलादाचा कण वाढतो; तुटलेल्या जागी तो रव्यासारखा भरड दिसत होता. दादा नेहमी अंधाऱ्या कोपऱ्यात काम करतात, ते उगाच नव्हे. नवशिक्याने लोहचुंबक लावून पाहावा. रचना पालटली की तो पोलादाला धरीत नाही. त्याहून थोडे अधिक तापवावे, आणि तेथेच थांबावे.

दादा परतले. बोलले काहीच नाहीत. त्याचीच आम्हाला जास्त लाज वाटली. मग पाते निरखून म्हणाले, "चार बोटं धड आहे. त्याची करा."

त्या चार बोटांना त्यांनी पुन्हा मऊ केले, बेताने तापवले आणि तेलात पाणी दिले. तेलात दिले तरी म्हणायचे पाणीच! अशा कडक पात्यावर कानस फिरवली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरते. पण ते तितकेच ठिसूळही असते. म्हणून वेळ न दवडता त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. पाते घासून चकचकीत केले आणि पाठीकडून हळूहळू शेकले. पृष्ठभागावर रंग चढू लागले. सुमारे 220 अंशांना गवती पिवळा, 255च्या सुमारास तपकिरी, मग जांभळा, आणि 300च्या आसपास निळा. सुरीला पिवळा पुरे, घाव सोसणाऱ्या कुऱ्हाडीला जांभळ्यापर्यंत न्यावे, कमानीला निळा. पिवळा रंग धारेपर्यंत पोचताच दादांनी पाते बाजूला काढले.

त्या सुरीला आम्ही बाभळीची मूठ बसवली आहे. लहानशीच आहे, घरी तिने लिंबे आणि मिरच्या चिरतात. मुठीत शिरलेल्या भागावर वडिलांच्या कानशीचे थोडे दाते आम्ही मुद्दाम तसेच ठेवले आहेत.